जुन्या ट्रकची कमान नव्याने उभारताना: काय घडवून घ्यावं, काय विकतच आणावं

घरची जुनी टाटा ४०७ असो, आजोबांच्या वेळची १२१० असो, की नुकतीच कुणाकडून स्वस्तात घेतलेली गाडी असो, एक दिवस ती एका अंगाला बसलेली दिसते. मिस्त्री खाली वाकतो, टॉमी घालून शॅकल (कमानीचं टोक चेसीला जोडणारा हलता दुवा) हलवून बघतो नि सांगतो, "कमान उतरवा." कमान म्हणजे पोलादी पाटे एकावर एक ठेवून केलेली, गाडीचं वजन पेलणारी स्प्रिंग. तिथून पुढे नवख्या माणसाची फरफट सुरू होते. ४०७ बाजारात आली १९८६ साली. इतक्या वर्षांत तिची मॉडेल अनेक झाली, व्हीलबेस वेगवेगळे झाले, आणि प्रत्येक मालकाने आपापल्या सोयीने पाटे कमी-जास्त केले. त्यामुळे दुकानात "४०७चा बुश द्या" म्हटलं की मिळतो तो आपल्या गाडीला बसेलच असं नाही (बुश म्हणजे कमानीच्या टोकाच्या कडीत बसणारी नळी, जिच्यातून पीन जाते). १२१०च्या काही वस्तू तर दुकानात मिळतच नाहीत.

मग उरतं ते घडवून घेणं. खान्देशात त्याची सोय चांगली आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे पाटेवाले, लेथवाले, जुने सुटे भाग विकणारे तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जळगाव-भुसावळकडे एमआयडीसीतल्या लेथ आहेत, जिनिंग आणि डाळ मिलांचं भंगार आहे. पण सोय आहे म्हणून सगळंच घडवून घ्यायचं नसतं. आमच्या घरच्या केळीच्या गाडीची चारही कमानं मी मिस्त्रीबरोबर बसून उभी केली. तेव्हा जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो, म्हणजे तुमचे पैसे आणि हेलपाटे वाचतील.

## १. आधी हा एक नियम पाठ करा

कुठलाही भाग हातात घेतला की स्वतःला विचारा: हा चालत्या गाडीत तुटला तर काय होईल?

उत्तर "आवाज येईल, गाडी थोडी हलेल, टायर लवकर झिजेल" असं असेल, तर तो भाग घडवून घ्यायला हरकत नाही. उत्तर "धुरा जागेवरून सरकेल" असं असेल, तर त्या भागात हात घालू नका. नवा, योग्य दर्जाचा, विकत आणा.

कमान फक्त वजन पेलत नाही. पुढचा असो वा मागचा, धुरा गाडीखाली सरळ धरून ठेवायचं कामही तीच करते. मुख्य पाटा (टोकांना कड्या असलेला), यू-बोल्ट (कमान धुऱ्याला आवळून धरणारे), सेंटर बोल्ट (सगळे पाटे एकत्र ओवणारा) या तिघांपैकी एकही गेला तर धुरा तिरका होतो, आणि लळिंगच्या घाटात तसं झालं तर स्टिअरिंग हातात असून उपयोग नाही. हे तीन भाग जुगाडाच्या बाहेर. बुश, पिना, क्लिपा, रबर, पॅकिंग, शॅकलच्या पट्ट्या यांत बरंच काही करता येतं, फक्त प्रत्येकाची अट वेगळी आहे.

## २. कागद आणि हत्यारं

कागद आधी बघा, कारण गाडी महिनाभर उभी राहू शकते आणि तेवढ्यात फिटनेसची तारीख उलटते. आरसी, फिटनेस प्रमाणपत्र, विमा, पीयूसी, परमिट यांच्या तारखा एका कागदावर लिहा. मालवाहू गाडी ८ वर्षांहून जुनी झाली की फिटनेस दर वर्षी काढावा लागतो. आरसीवर लिहिलेलं एकूण वजनही टिपून ठेवा, पाटे ठरवताना लागेल. गाडीचं जुनं सर्व्हिस मॅन्युअल कुणाकडे मिळालं तर त्याची झेरॉक्स काढा. बोल्ट किती कसायचे याचे आकडे त्यातच असतात.

हत्यारं:

- दोन बाटली जॅक आणि चार मजबूत घोड्या (नसतील तर रेल्वेच्या स्लीपरसारखे जाड, कोरडे, न चिरलेले लाकडी ठोकळे, विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक अजिबात नकोत, ते न सांगता फुटतात)
- मोठे रिंग पाने, सॉकेट, लांब टॉमी
- टॉर्क पाना (विकत नको असेल तर मोठ्या गॅरेजकडून एक दिवस भाड्याने किंवा ओळखीवर मिळतो)
- व्हर्निअर कॅलिपर, मोजपट्टी, ओळंबा, सुतळी
- दोन मोठे सी-क्लॅम्प
- नवी, धारदार कानस (हिचं काम पुढे सांगतो)
- तारेचा ब्रश, डिझेल, खडू
- ग्रीस गन
- वही आणि ऑइल पेंटचा छोटा डबा

सगळ्यात महत्त्वाचं हत्यार व्हर्निअर. "साधारण पंचवीसचा आहे" असं सांगून लेथवर काम दिलंत की वाटेल ते परत येतं.

## ३. उघडण्याआधी मापं घ्या

हे काम घाईत टाळलं जातं आणि जोडणीच्या वेळी त्याचीच उणीव भासते. गाडी रिकामी, सपाट जागी, टायरमध्ये हवा बरोबर भरून उभी करा. काळ्या मातीच्या खळ्यात नको. सिमेंटचा ओटा, पेट्रोल पंपाची फरशी, काहीही चालेल.

दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. दोन्ही आकडे सारखे हवेत. सारखे नसतील तर एका बाजूचा सेंटर बोल्ट तुटून धुरा आधीच सरकलाय. मग चारही चाकांवर, चाकाच्या मध्यापासून वर चेसीच्या कडेपर्यंत उंची घ्या. प्रत्येक कमानीच्या दोन टोकांच्या डोळ्यांतून (ज्या गोल कडीत बुश बसतो तिला डोळा म्हणतात) सुतळी ताणा आणि सुतळीपासून मुख्य पाट्यापर्यंत मध्यभागी किती अंतर आहे ते लिहा. ही कमानीची बाक. उजवी-डावी बाक वेगळी असेल तर गाडी का झुकते हे तिथेच कळतं.

पाट्यांची संख्या, प्रत्येकाची रुंदी, जाडी, लांबी लिहा. पुढची बाजू कुठली हे प्रत्येक कमानीवर ऑइल पेंटने खूण करून ठेवा. अनेक कमानींत सेंटर बोल्ट बरोबर मधोमध नसतो. उलटी बसवली की चाक मडगार्डला घासतं. फोटो तर काढाच, पण फोटोत माप दिसत नाही.

## ४. गाडी उचलणं आणि सुटं करणं

जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. एक मिनिटासाठीसुद्धा नको. जॅक फक्त उचलायला असतो, पेलायला घोड्या. जी चाकं जमिनीवर राहतील त्यांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. घोड्या चेसीखाली लावा, आणि धुऱ्याखाली वेगळा जॅक ठेवा, म्हणजे धुरा हळूहळू वर-खाली करून पिनेवरचा ताण काढता येईल. ताण निघाला की पीन हाताने निघते. ताणाखाली असलेली पीन घणाने ठोकाल तर तिचं डोकं पसरेल आणि ती आणखी अडकेल.

ब्रेकचा रबरी पाइप धुऱ्याच्या वजनाने लोंबकळू देऊ नका. यू-बोल्ट गंजून अडकलेले असतात. ते कापून टाकले तरी चालतात, कारण ते परत लावायचे नाहीतच. पण कापताना डिझेल टाकी आणि ब्रेक पाइप जवळ नाहीत ना ते बघा. गॅस कटरपेक्षा ग्राइंडर बरा, तोही ठिणग्या पाट्यावर पडणार नाहीत असा धरून.

कमान खाली आली की सेंटर बोल्ट उघडण्याआधी बोल्टच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प लावा. पाटे एकमेकांवर दाबून बसवलेले असतात, बोल्ट निघताच उसळतात. क्लॅम्प थोडा थोडा, आळीपाळीने सैल करा.

## ५. धुवा, वाजवा, तीन ढीग लावा

पाटे डिझेलने धुऊन तारेच्या ब्रशने साफ करा. मग प्रत्येक पाटा दोरीने टांगून छोट्या हातोडीने वाजवा. धड पाटा घंटेसारखा घुमतो, चिरलेला बद्द वाजतो. शंका आली तर पाट्यावर डिझेल लावून थोडा वेळ मुरू द्या, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वरून खडू घासा. चीर असेल तर आत शिरलेलं डिझेल खडूवर रेघ होऊन उमटतं. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती आणि डोळ्याच्या वळणापाशी हे नक्की करा. चिरा तिथेच पडतात.

आता ढीग लावा. पहिल्यात जे तसंच परत जाईल ते. दुसऱ्यात जे घडवता येईल ते. तिसऱ्यात जे विकत आणायचंच आहे ते. दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाची यादी वहीत मापांसह लिहून मगच धुळ्याला किंवा जळगावला निघा. यादीशिवाय गेलेला माणूस परत जातो.

## ६. पाटे

मुख्य पाटा, म्हणजे ज्याला दोन डोळे असतात तो, आणि त्याच्या खालचा दुसरा पाटा नवेच घ्या. मुख्य पाटा तुटला तर हा दुसराच धुरा थोडा वेळ धरून ठेवतो, म्हणून त्यावरही तडजोड नको.

खालचे आखूड पाटे दुसऱ्या गाडीचे चालतात. अटी अशा: रुंदी अगदी तीच हवी, जाडी तीच हवी, बाक जवळपास जुळली पाहिजे आणि सेंटरचं भोक त्याच मापाचं हवं. लांब पाटा कापून आखूड केला तरी चालतो, पण कटिंग व्हीलने, मध्येमध्ये पाणी मारत, आणि कापलेली कड घासून गोल करून. गॅसने कापलेली कड कडक होऊन तिथून चीर जाते.

जाडीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे अंदाजाने घात होतो. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. १० मिमीच्या जागी त्याच लांबी-रुंदीचा १२ मिमीचा पाटा टाकला तर तो पाटा "थोडासा" नाही, सुमारे पावणेदोन पट ताठ होतो. मग बाकीचे पाटे काम करत नाहीत, सगळा धक्का हँगरला (चेसीवरचा, कमानीचं टोक धरणारा भाग) आणि चेसीला जातो. आपल्याकडे केळीच्या हंगामात "एक पाटा वाढवून द्या" म्हणायची पद्धत आहे. रावेर-यावलच्या शेतरस्त्यांवर भरलेली गाडी काढायची तर ते म्हणणं समजू शकतं. पण पाटा वाढवला म्हणून धुरा, ब्रेक आणि टायर मोठे होत नाहीत, आणि आरसीवरचं वजनही वाढत नाही. गाडी मुळात जशी होती तेवढ्याच पाट्यांवर परत आणा.

आता पाण्याचं, म्हणजे तापवून-थंड करून पोलादाला आणलेल्या कडक-चिवटपणाचं. पाट्याचं पोलाद सुमारे ८५० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवतात, मग ४५० ते ५०० अंशांच्या आसपास परत तापवून त्याला चिवट करतात. हे पाणी अख्ख्या पाट्याला सारखं चढलेलं असतं. कुणी गॅसने एकाच जागी लाल करून बाक दिली तर तेवढ्या जागेचं पाणी उतरतं. भरलेल्या गाडीत पाटा तिथेच बसतो किंवा तुटतो. वेल्डिंगचं तर नावच काढू नका. वेल्डिंग केलेला पाटा दिसायला धड असतो, पण टाक्याशेजारची जागा काचेसारखी ठिसूळ झालेली असते.

बसलेल्या पाट्यांना बाक देता येते, ती थंड पाट्याला, घणाने किंवा प्रेसवर, थोडी थोडी सगळ्या लांबीवर. चांगला पाटेवाला हे थंडच करतो, आणि सगळे पाटे एकावर एक ठेवून मधली फट बघतो. काम द्यायच्या आधी त्याची पद्धत डोळ्यांनी बघून घ्या. बाक उजव्या-डाव्या जोडीला एकदमच द्यायची, एका बाजूला नाही.

क्लिपा (पाटे बाजूने एकत्र धरणाऱ्या पट्ट्या) मात्र खुशाल घडवा. साध्या लोखंडी पट्टीची यू आकाराची क्लिप कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देतो. वरच्या बोल्टवर पाइपचा तुकडा घाला, पाट्याच्या रुंदीपेक्षा थोडा लांब, म्हणजे बोल्ट कसला तरी क्लिप पाट्यांना चिमटणार नाही. पाटे आत-बाहेर सरकले पाहिजेत. क्लिप पाट्याला वेल्ड करून "पक्की" करून देणारे भेटतात. त्यांना तिथेच थांबवा.

## ७. पिना आणि बुश: खरी कारागिरी इथे

घडवून घेण्याजोगे भाग सगळ्यात जास्त इथे आहेत.

एक तत्त्व धरा: जे मिळायला अवघड ते कडक, जे मिळायला सोपं ते मऊ. पाट्याचा डोळा आणि हँगर झिजायला नकोत. पीन कडक हवी. झिजायचं काम बुशने करावं, कारण तो पुन्हा करून घेता येतो. काही जण उलटं करतात. कडक पोलादी बुश आणि मऊ सळईची पीन लावतात, आणि हंगाम संपायच्या आत पीन काकडीसारखी मधोमध खाल्ली जाते.

पीन. आपल्या मापाची पीन दुसऱ्या मॉडेलची मिळाली तर उत्तम. व्यास जुळला आणि लांबी जास्त असली तर कापून घेता येते. नाहीच मिळाली तर लेथवर करा. चांगला माल म्हणजे ईएन८ किंवा त्याहून वरच्या प्रतीचा रॉड, वरून कडक करून घेतलेला. भंगारात ट्रकचा तुटलेला ॲक्सल शाफ्ट मिळतो. त्याचं पोलाद उत्तम असतं, पण लेथवर वरची कडक साल उतरली की आतला भाग तेवढा कडक राहत नाही, तेव्हा पीन तयार झाल्यावर पुन्हा पाणी द्यावं लागतं. तुटलेल्या भागाजवळचा तुकडा घेऊ नका, तिथे न दिसणाऱ्या चिरा असतात. जेसीबी किंवा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक सिलिंडरचा क्रोम रॉडही पिनेसाठी वापरतात; व्यास नेमका जुळला तर साल न काढता कापून घेता येतो. फक्त तो वाकलेला नको.

कानस इथे कामाला येते. तयार पिनेवर नवी कानस जोर देऊन घासा. कानस घसरली, खरचटा उठला नाही, तर पीन कडक आहे. कानसेने चावा घेतला, भुकटी निघाली, तर ती मऊ आहे. लेथवर कुणी "चाली जाई भाऊ" म्हणालं तरी परत द्या. क्रोम रॉडची चाचणी कापलेल्या टोकाच्या कडेला, क्रोमच्या लगेच खाली करा, कारण क्रोमचा पातळ थर स्वतःच कडक असतो आणि खाली मऊ लोखंड असू शकतं.

पिनेत ग्रीस जायची वाट विसरू नका: टोकाकडून मधोमध भोक, त्याला आडवं भोक, आणि बुशच्या आत ग्रीस पसरायला खाच. पीन फिरू नये म्हणून तिच्यावर लॉक बोल्टची खाच असते, तीही जुन्या पिनेवरून नेमकी उतरवा. पीन हँगरमध्ये फिरायला लागली तर हँगर खाल्ला जातो, आणि तो मोठा खर्च.

बुश. गनमेटलचा बुश मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. ८५ टक्के तांबं आणि प्रत्येकी ५ टक्के कथील, शिसं, जस्त असलेलं गनमेटल बुशसाठी सर्रास वापरतात. मोठ्या गाडीचा जुना गनमेटल बुश बाहेरून-आतून कातून लहान करता येतो, त्यात माल वाया जात नाही. पितळेचा बुश स्वस्त पडतो आणि दिसायला तसाच असतो, पण लवकर झिजतो. कास्ट नायलॉनचा रॉड आणून बुश कातून घेणं सोपं आहे आणि शेतरस्त्यावरच्या हलक्या, संथ कामाला तो चालतो. मात्र नायलॉन पाणी शोषून फुगतो, म्हणून त्यात पिनेची फट गनमेटलपेक्षा थोडी जास्त ठेवा, नाहीतर पावसाळ्यात पीन जाम होते. महामार्गावर रोज चालणाऱ्या गाडीला मी नायलॉन घालणार नाही.

बुश डोळ्यात घट्ट बसला पाहिजे, दाबूनच आत गेला पाहिजे. दाबल्यावर त्याचं आतलं भोक थोडं आवळतं. म्हणून आतलं माप आधी किंचित लहान ठेवायचं आणि बुश बसवल्यावर रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) शेवटच्या मापाला आणायचं. २५ मिमीच्या आसपासच्या पिनेला साधारण एक दशांश मिमी फट पुरते. पीन ग्रीस लावून हाताच्या जोराने सरकावी, पण हलवली तर खटखट वाजू नये.

बुश घणाने ठोकू नका, त्याचं तोंड चेपतं. घरचा प्रेस करा: लांब हाय टेन्साइल बोल्ट, एका बाजूला डोळ्यापेक्षा मोठा पाइपचा तुकडा, दुसऱ्या बाजूला बुशच्या बाहेरच्या मापाचं जाड वॉशर. नट कसत गेलं की बुश सरळ आत जातो. बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला तर आणखी सोपं. आपल्या मे महिन्याच्या उन्हात पाटा आपोआप तापलेला असतोच.

इथे हमखास होणारी चूक: बुशचं ग्रीसचं भोक आणि डोळ्याचं किंवा शॅकलचं भोक एका रेषेत न येणं. बाहेरून ग्रीस मारतो, ती निपलमधून परत येते, आणि माणूस समजतो भरली. बुश दाबण्याआधी दोन्हींवर पेंटची खूण करा.

पाट्याचा डोळाच लंबगोल झाला असेल तर त्यात पॅकिंग, पत्रा, वेल्डिंग काही नको. मुख्य पाटा बदला. हँगरचं भोक लंबगोल झालं असेल तर मात्र हँगर काढून, बोअर करून, त्यात पोलादी स्लीव्ह दाबता येते. चांगला लेथवाला हे काम नीट करतो.

## ८. यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट

इथे जुगाड नाही, म्हणून थोडक्यात.

यू-बोल्ट नवे घ्या, जुने चांगले दिसत असले तरी. एकदा पूर्ण कसलेला यू-बोल्ट ताणलेला असतो, त्याचे आटे दबलेले असतात. मापं तीन: जाडी, दोन पायांमधलं आतलं अंतर, पायाची लांबी. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलं असेल तर तो सुमारे ८०० मेगापास्कलला तुटतो, १०.९ असेल तर १००० ला. साधं बांधकामी लोखंड याच्या अर्ध्याच्या जवळपास असतं. यू-बोल्टवर आकडा नसतो तेव्हा ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. सळई तापवून वाकवून आटे पाडलेले "लोकल" यू-बोल्ट स्वस्त मिळतात. घेऊ नका.

सेंटर बोल्टचं डोकं धुऱ्याच्या बैठकीतल्या खळग्यात बसतं आणि धुरा जागेवर धरतं. डोक्याचा व्यास जुन्याशी जुळवा. साधा हेक्स बोल्ट घालून भागवलेली गाडी धुरा सरकवते. खालची पट्टी, जिच्यातून यू-बोल्ट जातात, ती वाकली असेल तर तेवढ्याच किंवा जास्त जाडीच्या प्लेटची करून घेता येते. कमी जाडीची वाकते आणि कसलेले नट सैल होतात.

## ९. हँगर, रिबेट, चेसी

हँगरचे रिबेट सैल झाले असतील (भोवती गंजाची तांबूस भुकटी दिसते), तर ते काढून भोक रीम करा आणि त्यात तंतोतंत बसणारे हाय टेन्साइल बोल्ट, लॉक नटसह घाला. सैल भोकात बोल्ट घालून नट कितीही आवळलं तरी ते पुन्हा खेळायला लागतं. चेसीच्या वरच्या-खालच्या पट्टीत नवं भोक पाडू नका, तिथे वेल्डिंगही नको. सगळा ताण त्याच पट्ट्यांवर असतो. शॅकलच्या बाजूच्या पट्ट्या जाड प्लेटमधून कापून करता येतात, दोन्ही एकत्र क्लॅम्प करून एकदमच भोकं पाडा म्हणजे फरक राहणार नाही.

## १०. रबर आणि शॉकअप

बम्प स्टॉप, म्हणजे धुरा वर येऊन चेसीला आदळू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा, तो कन्व्हेयर पट्ट्याचे तुकडे थरावर थर ठेवून, मधून बोल्ट घालून करता येतो. पट्ट्याच्या आत कापडाचे थर असतात, त्यामुळे तो फाटत नाही. उंची मुळाइतकीच ठेवा.

ज्या गाड्यांत रबरी बुश आहेत तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा: बोल्ट पूर्ण कसायचा तो गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. धुरा लोंबकळत असताना कसलात तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं.

शॉकअप दुसऱ्या मॉडेलचा बसवताना पूर्ण उघडलेली आणि पूर्ण मिटलेली अशा दोन्ही लांब्या मोजा. लांबीला कमी पडला तर खड्ड्यात तोच ओढला जातो, जास्त झाला तर आतून ठोकला जातो. तेल गळणारा शॉकअप दुरुस्त करत बसू नका, जोडीने बदला.

## ११. जोडणी आणि पहिले किलोमीटर

पाटे पूर्ण कोरडे, गंज घासलेले. मधे ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात फिरवा. जाड थरावर आपल्याकडची धूळ बसून तिचाच सँडपेपर होतो. धुऱ्याची बैठक खरवडून स्वच्छ करा, तिथे रंगाचा किंवा मातीचा थर राहिला तर तो दबतो आणि यू-बोल्ट सैल पडतात.

यू-बोल्ट आधी चारही हाताने, मग फुलीच्या क्रमाने थोडे थोडे, आणि शेवटचं कसणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने. आट्यांना तेलाचं बोट लावायचं की नाही तेही मॅन्युअल सांगतं त्याप्रमाणेच, कारण तेल लावलेल्या आट्यावर तोच आकडा जास्त ताण देतो. पाइप लावून लटकण्याने अंदाज येत नाही. कसल्यावर नटच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. नट आणि बोल्टवर एक सलग पेंटची रेघ ओढा. नट सरकला तर रेघ तुटलेली दिसेल.

मग तिसऱ्या पायरीतली सगळी मापं पुन्हा घ्या आणि वहीशी ताडा. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस जुळलाच पाहिजे. पुढची कमान काढली असेल तर टायरचं अलाइनमेंट करून घ्या.

पहिल्यांदा रिकामी गाडी गावाजवळच्या रस्त्यावर, हळू, ब्रेक मारत. सरळ रस्त्यावर कुणाला तरी मागून बघायला सांगा: गाडी तिरकी चालतेय का? परत आल्यावर सगळे नट बघा. मग अर्धं वजन, मग पूर्ण. पहिला भरलेला फेरा झाला की यू-बोल्ट पुन्हा कसा, आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. नवे पाटे बसतात, त्यामुळे हे नट सैल होणारच. पुन्हा कसायचं राहून गेलं की सेंटर बोल्ट तुटतो.

## १२. फिटनेसला नेण्याआधी

आरटीओकडे (जळगाव एमएच-१९, धुळे एमएच-१८, नंदुरबार एमएच-३९) गाडी नेण्याआधी खालून धुवा. मातीने भरलेली कमान तपासणाऱ्याला संशयास्पदच वाटणार. नव्या पाट्यांची, यू-बोल्टची बिलं गाडीत ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीत बदल होईल असा फेरफार करता येत नाही. मूळ मापाच्या भागांनी केलेली दुरुस्ती त्यात मोडत नाही, पण व्हीलबेस बदलणं किंवा चेसी वाढवणं हे वेगळं प्रकरण आहे. कुणी सुचवलं तरी त्यात पडू नका.

गाडीत कायमचं ठेवा: एक सेंटर बोल्ट, यू-बोल्टचे चार नट, एक घडवलेला बुश, ग्रीस गन आणि ती वही. घडवलेल्या प्रत्येक भागाचं माप, माल आणि तारीख वहीत असू द्या, म्हणजे पुढच्या वेळी लेथवर तोंडी सांगायला नको. ग्रीस पावसाळ्यात, आणि गाडी नाल्यातून किंवा चिखलातून गेली असेल तर त्याच संध्याकाळी मारा. जुनी मळकी ग्रीस कडेने बाहेर येऊन नवी दिसेपर्यंत.